आवाजाचा मुकादम आणि दोन घड्याळे

सभा भरविणाऱ्या माणसाला दोन काळज्या असतात. बोलणारा वेळेवर येईल की नाही, ही पहिली. आणि त्याचे बोलणे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल की नाही, ही दुसरी. पहिल्या काळजीवर शास्त्राजवळ उपाय नाही. दुसरीवर मात्र गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ उपाय निघाले. ध्वनिक्षेपक आला, कर्णे आले, नभोवाणी आली. आणि आता संगणकातला आवाज जाळ्यावरून हव्या त्या खोलीत, हव्या त्या माणसाच्या कानात नेऊन सोडण्याची विद्या आली आहे. ह्या विद्येचे मर्म एका लहानशा प्रोग्रॅममध्ये आहे. त्याला आभासी ध्वनि-ड्रायव्हर म्हणतात. तो काय करतो, तो तयार करताना खरी अडचण कोठे येते, आणि आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसांना त्याचे अगत्य का वाटावे, हे येथे सांगावयाचे आहे.

अगत्याचे कारण प्रथम सांगतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर ज्याने पंचवीस-तीस वर्षे काढली, त्याचे कान बहुधा शाबूत राहत नाहीत. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाची गणना धंद्यातून होणाऱ्या रोगांत केलेली होती. हा बहिरेपणा विचित्र असतो. आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. कारण प्रथम जातात ते उंच स्वर, आणि ‘स’, ‘श’, ‘त’ असली व्यंजने ओळखावयाची ती त्या उंच स्वरांवरूनच. त्यात सभेची जागा दगडी भिंतींची असेल, ओझरच्या विघ्नहराच्या आवारासारखी सर्व बाजूंनी बंदिस्त असेल, तर प्रतिध्वनीने उरलेसुरले शब्दही एकमेकांत मिसळतात. आमच्या सभांत असे वृद्ध सभासद पहिल्या रांगेत येऊन बसतात, आणि ठराव मताला टाकला म्हणजे शेजाऱ्याचा हात वर गेलेला पाहून आपला हात वर करतात. ज्याला ठराव ऐकूच आला नाही, त्याचे मत मोजले गेले हे खरे. पण ते घेतले गेले असे म्हणता येईल काय?

कर्ण्याचा आवाज वाढवून हा प्रश्न सुटत नाही. घुमणारा आवाज अधिकच घुमतो, आणि गावाची झोप मोडते ती वेगळीच. आवाज हवेतून न जाता सरळ त्या माणसाच्या कानाशी गेला पाहिजे. मोबाईल आता बहुतेकांच्या खिशात असतो आणि कानात घालावयाची बोंडे स्वस्त मिळतात. तेव्हा व्यासपीठावरील संगणकातून निघणारा आवाज त्या मोबाईलपर्यंत नेता आला, की काम झाले. ‘नेता आला की’ हे शब्द मात्र लहान आहेत आणि त्यांच्या पोटात बरेच काही आहे.

आवाज म्हणजे हवेचा कंप. संगणकाला हवा कळत नाही, आकडे कळतात. म्हणून कंपाची उंची ठराविक अंतराने मोजून तिचे आकडे करावे लागतात. निरोगी माणसाचा कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपांपर्यंत ऐकतो. ऐकावयाच्या सर्वांत उंच स्वराच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप केले, तर त्या आकड्यांवरून मूळ आवाज पुन्हा उभा करता येतो, असा सिद्धांत आहे. नायक्विस्ट ह्यांनी १९२८ साली त्याचा पाया घातला आणि शॅनन ह्यांनी १९४९ साली तो नीट मांडला. आज संगणकात बहुधा सेकंदाला ४८,००० मापे घेतात. प्रत्येक मापाला १६ बिट, आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह. गुणाकार करून पाहावा: सेकंदाला १५,३६,००० बिट, म्हणजे १,९२,००० बाइट. तासाभराचे व्याख्यान सुमारे ६९ कोटी बाइटांचे होते. आकडा मोठा दिसतो, पण आजच्या जाळ्याला हे ओझे जड नाही. अडचण ओझ्याची नव्हे, वेळेची आहे. तिच्याकडे पुढे वळू.

आता ड्रायव्हर म्हणजे काय? कारखान्यातला मुकादम डोळ्यांपुढे आणावा. साहेब वर कचेरीत बसतो. त्याला कोणते यंत्र कसे चालते हे ठाऊक नसते. तो मुकादमाला सांगतो, ‘एवढा माल काढा.’ मुकादम त्या यंत्राच्या खोडी जाणतो, कामगारांकडून माल काढून घेतो आणि वर कळवितो, ‘इतका निघाला, आणखी कच्चा माल पाठवा.’ संगणकाची मुख्य व्यवस्था हा साहेब. साउंड कार्ड हे यंत्र. आणि ड्रायव्हर हा मुकादम. गाणे वाजविणारा प्रोग्रॅम असो, परगावच्या पाहुण्याला पडद्यावर आणणारा असो, की चित्रफीत दाखविणारा असो, सर्वांचा आवाज शेवटी ह्या एकाच मुकादमाच्या हाती येतो. म्हणून आवाज पकडावयाचा तर येथेच पकडावा. दहा प्रोग्रॅमांच्या मागे लागण्यापेक्षा एका मुकादमाला वश करणे शहाणपणाचे.

आभासी ड्रायव्हर हा असा मुकादम आहे की ज्याच्या हाताखाली यंत्रच नाही. हजेरीपटावर खात्याचे नाव आहे, साहेबाला रोजचे अहवाल जातात, पण खात्याच्या दारामागे रिकामी जागा आहे. आलेला माल तेथे वापरला जात नाही. मागच्या दाराने गाडीत भरून दुसऱ्या गावच्या कारखान्याला रवाना होतो. ही गाडी म्हणजे जाळे आणि तो दुसरा कारखाना म्हणजे श्रोत्याचा मोबाईल किंवा दुसऱ्या खोलीतला स्पीकर. हजेरीपटावरच्या खोट्या नावांविरुद्ध आम्ही आयुष्यभर भांडलो. परंतु ही एक लबाडी लोकोपयोगी आहे असे कबूल करणे भाग आहे.

आतली रचना रहाटासारखी असते. स्मरणकोशातला एक पट्टा वर्तुळाकार समजून त्यात मापे ओतली जातात. पुढे प्रोग्रॅम पोहरे भरीत जातो, मागून ड्रायव्हर ते रिकामे करीत येतो. शेवटचा पोहरा संपला की पुन्हा पहिला. खरे कार्ड असते तेव्हा पोहरे किती वेगाने रिकामे करावयाचे हे कार्डावरचा गारेचा स्फटिक ठरवितो. हा स्फटिक विजेने कंप पावतो आणि घड्याळासारखे ठोके देतो. आभासी ड्रायव्हरजवळ कार्ड नाही, म्हणजे स्फटिकही नाही. त्याने संगणकाच्या सर्वसाधारण घड्याळाकडे पाहून ‘आता इतकी मापे वाजली’ असे वर कळवावयाचे असते. तो घाईने कळवील तर प्रोग्रॅम तासाभराचे व्याख्यान दहा मिनिटांत ओतून मोकळा होईल. उशिरा कळवील तर बोलणे अडखळेल. नवशिक्याची पहिली ठेच येथेच लागते. आवाज पाठविणे त्याला कठीण वाटत असते. प्रत्यक्षात न वाजणारा आवाज वाजत असल्याचा बरोबर हिशेब देणे कठीण असते.

येथे एक व्यवहारी नियम सांगितला पाहिजे. ड्रायव्हर संगणकाच्या गाभ्यात बसतो. साधा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा बंद पडतो; गाभ्यातला चुकला तर सगळा संगणक आडवा होतो. म्हणून ड्रायव्हर जितका लहान तितका बरा. त्याने रहाट चालवावा, वेळेचा हिशेब द्यावा आणि मापे बाहेरच्या एका साध्या प्रोग्रॅमच्या हवाली करावी. पाकिटे करणे, पत्ते घालणे, रवानगी करणे ही कामे त्या बाहेरच्याने करावी.

आता रवानगीकडे वळू. जाळ्यावर माल पाकिटांतून जातो. ५ मिलिसेकंदांचा आवाज एका पाकिटात घातला तर २४० जोडमापे, म्हणजे ९६० बाइट होतात; सेकंदाला अशी २०० पाकिटे सुटतात. जाळ्याजवळ पाकिटे नेण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रजिस्टर्ड पत्रासारखी: पोच मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवावयाची, आणि एक हरवले तर मागची सर्व खोळंबून धरावयाची. दुसरी साध्या कार्डासारखी: टाकले, पोहोचले तर पोहोचले. हिचे नियम १९८० साली लिहिले गेले. कागदपत्रांना पहिली रीत योग्य. चालू आवाजाला दुसरी. एक शब्द उशिरा येऊन पुढची दहा वाक्ये अडवून धरणार असेल, तर तो न आलेला पत्करला. जाळ्यावरून चालू बोलणे पाठविण्याचा पहिला प्रयोग अमेरिकेत १९७४ साली डॅनी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. उशिरा आलेले पाकीट हरवल्यासारखेच, हे तत्त्व तेव्हापासूनचे आहे.

सर्व पाकिटे सारख्या वेगाने येत नाहीत. कोणी २ मिलिसेकंदांत येते, कोणी १५. म्हणून ऐकणाऱ्या बाजूला थोडा साठा करून मग वाजवावयास आरंभ करतात. साठा मोठा ठेवला तर खंड पडत नाही, पण आवाज मागे पडतो. लहान ठेवला तर आवाज ताजा, पण जाळ्याने जरा धाप टाकली की खळ पडतो. किती उशीर चालेल? हवेतला आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे व्यासपीठापासून ३४ मीटरवर बसलेला माणूस एरव्हीही दशांश सेकंद उशिराच ऐकत असतो. वक्त्याचे ओठ आणि शब्द ह्यांत सुमारे अष्टमांश सेकंदापेक्षा अधिक अंतर पडले, की ते जाणवू लागते. ह्याहून कडक अट वेगळीच आहे: कानातला आवाज आणि मंडपातल्या कर्ण्याचा आवाज ह्यांत ३० ते ५० मिलिसेकंदांहून अधिक तफावत पडली, तर एकच शब्द दोनदा ऐकू येऊ लागतो. तेव्हा अर्धवट ऐकणाऱ्या म्हाताऱ्याला मदत करावयाची, तर उशिराला मर्यादा घातलीच पाहिजे.

आता मुख्य अडचण. समजा जाळे उत्तम आहे, एकही पाकीट हरवत नाही. तरी काही मिनिटांनी आवाज तुटू लागेल. का? दोन घड्याळांमुळे. व्यासपीठावरचा संगणक आपल्या घड्याळाने ४८,००० मापे पाठवितो आणि मोबाईल आपल्या स्फटिकाने ४८,००० वाजवितो. पण दोन स्फटिक कधी तंतोतंत जुळत नाहीत. दोघांत दहा हजारांत एक इतका फरक धरला, तर सेकंदाला जवळजवळ ५ मापांची तूट किंवा वाढ होते. साठा २० मिलिसेकंदांचा, म्हणजे ९६० मापांचा असेल, तर तीन-साडेतीन मिनिटांत तो आटतो किंवा ओसंडतो. तासाभरात फरक सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक होतो.

जुन्या रेडिओला हा रोग नव्हता. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांच्या रेडिओ-मंडळांचा प्रयोग झाला. पाच मराठी जिल्ह्यांतल्या १५० खेड्यांत मंडळे रेडिओभोवती बसून ऐकत आणि चर्चा करीत. त्या दीडशे रेडिओंपैकी एकही मागे पडत नव्हता, कारण त्यांच्यात आवाजाचे घड्याळच नव्हते. लहर आली तशी वाजली. आकड्यांच्या युगात प्रत्येक ऐकणाऱ्याला स्वतःचे घड्याळ मिळाले, आणि त्याबरोबर स्वतःची चूकही मिळाली.

ह्या प्रश्नाचे भव्य उत्तर पाहावयाचे असेल तर फार दूर जावयास नको. ओझरहून नारायणगाव आणि तेथून खोडद. तेथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने, गोविंद स्वरूप ह्यांच्या नेतृत्वाखाली, महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी एका किलोमीटरच्या आसपास, आणि उरलेल्या १६ तीन बाहूंवर पसरलेल्या. टोकाच्या तबकड्यांमधले अंतर सुमारे २५ किलोमीटर. त्या ऐकतात ते आवाज नव्हेत, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी. परंतु एकदा आकडे झाले की ते व्याख्यानाचे आहेत की तारकामंडळाचे, हे संगणक विचारीत नाही.

तेथे तिसांची लहर काचेच्या तंतूंतून मध्यवर्ती इमारतीत आणतात आणि सर्वांची मापे एकाच प्रमाण घड्याळाच्या ठोक्यावर घेतात. जवळची लहर आधी येते, दूरची उशिरा. म्हणून आधी आलेलीला हिशेबाने थांबवून ठेवतात आणि मग सर्वांचा मेळ घालतात. पृथ्वी फिरत असल्याने हे थांबणेही क्षणोक्षणी बदलावे लागते. २०१० च्या सुमारास तेथल्या मंडळींनी हे काम करण्यासाठी बाजारात मिळणारे साधे संगणक, मापे घेणारी कार्डे आणि जाळ्याच्या साध्या तारा जोडून यंत्रणा उभी केली. खास यंत्रे सोडून साध्या संगणकांवर, चालू वेळेत, लहरींच्या मापांची वाहतूक आपल्या तालुक्यात झाली, ही गोष्ट प्रत्येक जुन्नरकराने सांगण्यासारखी आहे. तिचे सूत्र दोन वाक्यांत येते: घड्याळ एक ठेवा, आणि आधी आलेल्याने मागून येणाऱ्यासाठी थांबावे. संघटनेच्या माणसाला दुसरे वाक्य नवे नाही.

आपल्या मंडपात शंभर मोबाईलांना एक घड्याळ तारेने पुरविता येणार नाही. मग तडजोड करावी लागते, आणि ती दोन प्रकारची आहे. ऐकणारा एकच असेल, तर आभासी ड्रायव्हरने स्वतःचे घड्याळ सोडून द्यावे. त्याच्याजवळ स्फटिक नाही हे आपण वैगुण्य म्हटले होते; येथे तेच गुण ठरते. पलीकडचा स्पीकर ‘मी इतके वाजविले’ असे कळवीत राहतो आणि ड्रायव्हर तोच हिशेब वर सांगतो. साठा मग आटत नाही आणि ओसंडतही नाही. ऐकणारे अनेक असतील तर मुकादमाला सर्वांच्या मागे धावता येत नाही. तेव्हा प्रत्येकाने आपल्या साठ्याची पातळी पाहावी. ती चढत असेल तर किंचित भरभर वाजवावे, उतरत असेल तर किंचित सावकाश. दहा हजारांत एक-दोन इतका हा बदल कानाला कळत नाही. मात्र मापे मध्येच गाळून किंवा दोनदा वाजवून भागविले तर टकटक ऐकू येते. मधली मापे गणिताने नव्याने काढावी लागतात.

मोबाईल पुष्कळ असले तर ओझ्याचाही विचार आला. दोनशे जणांना न आवळलेला आवाज वेगवेगळा पाठविला तर सेकंदाला ३२ कोटी बिटांच्या घरात जातो. मंडपातल्या वायफायला हे झेपणार नाही. एकदाच सर्वांना उद्देशून पाठवावा, तर वायफायवर अशा पाकिटांची पोच घेतली जात नाही आणि ती बरीच हरवतात. म्हणून बोलणे आवळून पाठवावे. ओपस नावाची २०१२ साली प्रमाण ठरलेली रीत सर्वांना मोफत खुली आहे. तिने सेकंदाला ३२,००० बिटांत बोलणे स्पष्ट जाते. पत्त्याचा मजकूर धरूनही दोनशे जणांचे ओझे एक कोटी बिटांच्या आसपास राहते.

राहिला प्रश्न हत्यार कोणाच्या हाती, हा. विंडोज व्यवस्थेत २०१६ पासून गाभ्यात बसणाऱ्या नव्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्ट कंपनीचा शिक्का लागतो, आणि तो मिळविण्यासाठी नोंदलेली संस्था व पैसे देऊन घेतलेले प्रमाणपत्र हवे. ह्या अटीला कारण आहे. आवाजाचा मुकादम सर्व ऐकतो. तो चोराचा माणूस असेल तर बंद खोलीतली सभा बंद राहत नाही. परंतु शिक्क्यामुळे गावातला हुशार मुलगा घरच्या संगणकावर शिकून सर्वांना उपयोगी असा ड्रायव्हर देऊ शकत नाही, हेही तितकेच खरे. लिनक्स ह्या खुल्या व्यवस्थेत वाट मोकळी आहे. तेथे आभासी कार्ड गाभ्याबरोबरच मिळते. २००४ साली निघालेला पल्सऑडिओ आणि त्यानंतरचा पाइपवायर हे आवाज जाळ्यावर नेतात. आणि सर्वांचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, दुरुस्त करावा. ज्याचे हत्यार उघडून पाहता येत नाही, त्याच्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवावा? आम्ही सभासदांना हिशेबाच्या वह्या उघड्या ठेवतो. आवाज वाहणाऱ्याची वहीही उघडी असावी, असा आमचा आग्रह आहे.

त्याच न्यायाने पाकिटे मात्र उघडी असू नयेत. साधी पाकिटे त्याच जाळ्यावर बसलेला कोणीही उचलून ऐकू शकतो. व्याख्यानाला त्याची फिकीर नाही; पण संपाचा ठराव किंवा एखाद्या बाईची तक्रार जेथे बोलली जाते, तेथे पाकिटांना कुलूप लावलेच पाहिजे. तशी प्रमाण रीत २००४ पासून उपलब्ध आहे.

तात्पर्य, ह्या विद्येत जादू नाही. मुकादमी आहे, हिशेब आहे आणि थांबण्याची शिस्त आहे. एखाद्या व्याख्यानमालेने मनावर घेतले, तर जुना संगणक, एक बरा राउटर आणि शिकण्याची हौस असलेली दोन पोरे एवढ्यावर प्रयोग होऊ शकेल. आरंभ एका मोबाईलने करावा, मग पाचांनी, मग पन्नासांनी. आणि पहिल्या रांगेतल्या त्या वृद्ध सभासदाला विचारावे, ‘काका, ठराव काय होता?’ त्याने तो आपल्या शब्दांत सांगितला आणि मग हात वर करावयाचा की नाही हे स्वतः ठरविले, म्हणजे यंत्र बरोबर चालले असे समजावे.